शरीर सांभाळणे हेही चळवळीचेच काम

आंबेडकरी समाजात सभा, संमेलने आणि शिबिरे यांची वानवा नाही. शिक्षण, आरक्षण, अत्याचार, राजकारण, धम्म या विषयांवर आपण रात्र-रात्र बोलतो. बोललेही पाहिजे. परंतु ज्या शरीराच्या जोरावर हे सगळे करायचे, त्या शरीराविषयी आपण चकार शब्द काढत नाही. एखादा कार्यकर्ता पन्नाशीतच जातो. आपण विहारात आदरांजलीची सभा घेतो, 'समाजाची कधीही भरून न येणारी हानी झाली' असे म्हणतो आणि सभा संपल्यावर दोन चमचे साखरेचा चहा पिऊन घरी जातो. तो कशाने गेला, त्याची साखर किती होती, रक्तदाबाची गोळी तो घेत होता की नाही, घेत असेल तर मध्येच का सोडली, हे कोणी विचारत नाही. जणू मधुमेह, रक्तदाब, अर्धांगवायू हे कपाळावर लिहून आलेले असते! नशीब न मानणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग आहे, बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग आहे, असा एक समज आपल्या वस्त्यांमध्ये अजून आहे. तो कधीच खोटा ठरला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. रक्तदाब तर शंभर प्रौढांमागे पस्तीस जणांना. एवढी माणसे काही बंगल्यात राहत नाहीत. फरक आहे तो पुढे. बंगल्यातल्या माणसाचा मधुमेह वार्षिक तपासणीत सापडतो. आपल्या माणसाचा सापडतो तो पायाची जखम भरत नाही तेव्हा, डोळ्याला अंधारी येते तेव्हा किंवा किडनी निकामी झाल्यावर. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस, कामावर खाडे, बायकोच्या गळ्यातले गहाण आणि शेवटी कॉलेजला जाणाऱ्या मुलाचे शिक्षण बंद. बाबासाहेबांच्या पुण्याईने दोन पिढ्यांनी शिकून जे मिळवले, ते एका आजारपणात जाते. म्हणून हा विषय घरगुती नाही, सामाजिक आहे.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या या विषयावर भरभरून लिहीत असतात. परंतु त्या कोणासाठी लिहिल्या जातात? सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी ऑलिव्ह तेलातले सॅलड, संध्याकाळी अ‍ॅव्होकॅडो आणि जिममध्ये तासभर घाम! ज्याच्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात, जो बारा तास सिक्युरिटीची ड्युटी करतो, जी बाई चार घरची धुणीभांडी करून स्वतःच्या घरी स्वयंपाकाला उभी राहते, त्यांनी ते वाचून काय करायचे? त्यातच 'सात्त्विक आहार' नावाचे एक खूळ आहे. शाकाहार म्हणजे शुद्ध, मांसाहार म्हणजे तामसी, असे सांगून आरोग्याच्या नावाखाली जातीची उतरंड पुन्हा ताटात वाढली जाते. हा सल्ला आपल्यासाठी नाही हे समाजाने बरोबर ओळखले. परंतु सल्ला नाकारताना आपण विषयही सोडून दिला, ही चूक झाली.

वास्तविक, ताट बदलणे म्हणजे काय हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असेल? १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली होती. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा. ज्यांच्या घरात दुसरे काही शिजत नव्हते, अशा माणसांना त्यांनी हे सांगितले आणि गावोगावच्या माणसांनी ते ऐकले. सोपे नव्हते ते. मृतमांस सोडले म्हणून पोटाला चिमटा बसला. ढोरे ओढणे नाकारले म्हणून गावाने बहिष्कार टाकला. तरीही शेकडो वर्षांची सवय आपल्या आजा-पणजांनी मोडली. त्यात कोणी उपदेशक नव्हता, डॉक्टर नव्हता, औषध नव्हते. स्वाभिमान होता आणि सगळ्या वस्तीने मिळून केलेला ठराव होता. ज्या समाजाने हे करून दाखवले त्याला चहातली साखर कमी करणे जमणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेबांचा विरोध मृतमांसाला होता, लाचारीच्या अन्नाला होता, मांसाहाराला नव्हता. त्यामुळे आरोग्याचा विचार करायचा म्हणजे शाकाहारी व्हायचे, असा अर्थ कोणी काढू नये. त्याचप्रमाणे 'आपले जुने अन्न किती छान होते' असा गळा काढण्याचेही कारण नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करून ठेवली आहे. ते अन्न टंचाईतून आलेले होते. हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, तांदुळजा, चिघळ, पाथरी, सुकट, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या हे सगळे मिळेल ते घेऊन, तेल नसताना, मीठ-मिरचीवर शिजवलेले असे. त्याचे गोडवे गाऊन उपाशी दिवस परत आणायचे नाहीत. पण त्या ताटातले जे चांगले होते ते आपण लाजेपोटी टाकून दिले, हेही तितकेच खरे. ज्वारी-बाजरीची भाकरी 'गरिबाची' म्हणून गेली, रानभाजी 'गावंढळ' म्हणून गेली, हुलगे बैलाचा खुराक म्हणून गेले. आणि तीच बाजरी आज मॉलमध्ये 'मिलेट' नाव घेऊन चौपट भावात श्रीमंताच्या पिशवीत पडते!

दुसरी गोष्ट आपल्या शरीराची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या बाळाचे जन्मतःच वजन सरासरी साडेतीन किलो, तर आपल्याकडच्या बाळाचे २.७ किलो. बाळ हडकुळे, परंतु त्याच्या अंगातली चरबी मात्र टिकून राहिलेली. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. आईच्या पोटातच अन्न कमी मिळाले की शरीर पुढच्या टंचाईच्या तयारीला लागते. असे शरीर पुढे शहरात आले, त्याला भरपूर भात, साखर आणि तेल मिळाले आणि अंगमेहनत कमी झाली की चरबी पोटावर साठते आणि चाळिशीच्या आतच मधुमेह गाठतो. वरून पाहिले तर माणूस बारीकच दिसतो! १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आयांच्या पोटी जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. पिढ्यान् पिढ्यांची उपासमार ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी या रोगाविषयी इतरांपेक्षा अधिक सावध राहिले पाहिजे. ही उपासमार नैसर्गिक नव्हती. जमीन नाकारली, पाणी नाकारले, मजुरी नाकारली त्यातून ती आली. जातिव्यवस्थेने केवळ मनावर नव्हे, रक्तातल्या साखरेवरही आपली खूण ठेवली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

म्हणूनच नुसते वजनकाट्यावर उभे राहून भागत नाही. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर हातपाय काडीसारखे असले तरी तपासणी करून घ्या. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल तर तो उंबरठा आहे. १२६ किंवा त्याहून अधिक दोन वेळा आली तर मधुमेह आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. हा आपला हक्क आहे आणि हक्क वापरला नाही तर तो कागदावर राहतो.

उंबरठ्यावरचा माणूस मागे फिरू शकतो काय? फिरू शकतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या भारतीयांना फक्त आहार आणि चालण्याच्या सवयी लावण्यात आल्या. तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. औषध नाही, जिम नाही. सवयी!

आता या सवयी कोणत्या, याचा साधा हिशेब मांडू. हिशेब मांडला की डोळे उघडतात.

पहिला हिशेब चहाचा. एका कपात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. दिवसाला चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम. वर्षाला साडेचौदा किलो साखर एक माणूस नुसत्या चहातून पोटात घालतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम. आपण दुपारपर्यंतच ती ओलांडतो. बिस्किटे आणि खारी वेगळी! कार्यकर्त्याचा तर चहाशिवाय दिवस जात नाही. ज्या घरी जावे तिथे चहा, नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. तेव्हा पद्धतच बदलली पाहिजे. अर्धा कप आणि अर्धा चमचा साखर, आणि पाहुण्याने 'बिनसाखरेचा द्या' म्हटले तर त्यात कमीपणा मानू नये.

दुसरा हिशेब मिठाचा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरेसे आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम झाले. तुमच्या घरात एक किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल तर रक्तदाब कुठून येतो हे शोधायला नको. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स आणि सुके मासे यांतले मीठ वेगळेच. सुकट-बोंबील खाऊ नयेत असे नाही. गरम पाण्यात दोन वेळा चांगले धुऊन घ्यावेत आणि त्या कालवणात मीठ घालताना हात आखडावा.

तिसरा हिशेब तेलाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल पुरते. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो. आपल्याकडे रश्शावर तेलाचा तवंग, नागपूरकडे तर्री, नसली तर पाहुणचार झाला असे वाटत नाही. मटण महिन्यातून दोनदा खावे, पण तवंग बाजूला काढून खावे. वडापाव आणि भजी हे तर नोकरदार माणसाचे जेवणच झाले आहे. मैद्याचा पाव, बटाटा आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल यात पोट भरते, अंगाला काही लागत नाही.

चौथी गोष्ट ताटाच्या मांडणीची. आपल्या ताटात भाताचा डोंगर असतो आणि त्याच्या पायथ्याशी वरणाचे तळे. भाजी तोंडी लावण्यापुरती. हे उलटे करायचे आहे. अर्धे ताट भाजीचे, त्यात कांदा, मुळा, काकडी, टोमॅटो हेही आले. पाव ताट डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा मटणाचे. उरलेल्या पाव ताटात एक-दोन भाकरी किंवा वाटीभर भात. दोन्ही एकदम नकोत. महागडे काही नाही यात. मटकी, हुलगे, चवळी, हरभरा भिजवून मोड आणणे घरात होते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे खिशात असले तर दुपारी वडापावच्या गाडीकडे पाय वळत नाहीत. रात्रपाळीच्या वॉचमनला आणि पहाटे हजेरी लावणाऱ्या सफाई कामगाराला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पाचवी गोष्ट चालण्याची. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालायचे. 'दिवसभर आम्ही राबतोच की' असे अनेकजण म्हणतात. ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे त्यांचे ठीक. परंतु खुर्चीवरची नोकरी, दुकान, रिक्षा, टॅक्सी, सिक्युरिटी ही कामे बसून किंवा उभे राहून होतात, चालून नव्हे. रात्रीचे जेवण लवकर, थोडे कमी आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांचा फेरफटका, एवढे केले तरी साखरेत फरक पडतो.

वजन कमी करायचे म्हणजे उपाशी राहायचे, ही समजूतही चुकीची आहे. महिन्याला एक-दोन किलो कमी झाले तर पुष्कळ झाले. पंधरा दिवसांत दहा किलो कमी करणारी पावडर विकणारे आता वस्तीतही येऊ लागले आहेत. आपलीच शिकलेली पोरे ती साखळी पद्धतीने विकतात. त्यांना दारात उभे करू नये. 'मधुमेह मुळासकट घालवतो' म्हणणारा बाबा आणि हा पावडरवाला, दोघेही एकाच माळेचे मणी! गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. 'एकदा लागली की कायमची लागते' म्हणून गोळी टाळणारे शेवटी डायलिसिसच्या खाटेवर कायमचे बसतात.

याबाबतीत तथागतांची शिकवण किती आधुनिक आहे पाहा. संयुक्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची हकिकत आहे. हा राजा द्रोणभर भाताचे जेवण करी. एकदा तो असाच भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला शाप दिला नाही, व्रत दिले नाही, उपास सांगितला नाही. जेवताना सावध असावे, आपले प्रमाण ओळखावे, त्याने दुःख कमी होते आणि आयुष्य राखले जाते, एवढ्याच आशयाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. आजचे आहारतज्ज्ञ 'जेवताना टीव्ही बंद ठेवा, सावकाश चावा, पोट भरण्याच्या आधी थांबा' असे सांगतात, ते याहून वेगळे काय आहे? त्याच सिद्धार्थाने देह सुकवणारी तपश्चर्या निरुपयोगी म्हणून सोडली, हेही विसरता कामा नये. अति खाणे नको आणि अति उपवासही नको. आपल्या काही घरांत अजून चोरून-मारून एकादशी आणि नवरात्र चालते. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप दुप्पट खाल्ले जाते. ते धम्मालाही धरून नाही आणि आरोग्यालाही नाही. पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांपैकी ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच दुपारनंतरचे जेवण वर्ज्य करावे. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतते.

पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांमधील मद्याविषयीची प्रतिज्ञा, यांविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये. परंतु पडते. दारूने यकृत जाते, घर जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिने पोटही सुटते, रक्तदाबही वाढतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पानटपरीवर तो सर्रास मिळतो. आपल्या आया-बहिणींची मिश्री तर व्यसनात मोजलीच जात नाही! दात घासण्याच्या नावाने तोंडात गेलेली तंबाखूच असते ती.

बायकांचा प्रश्न वेगळा मांडला पाहिजे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या देशातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या घरांत बाई सर्वात शेवटी जेवते. मटणातल्या फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, तिच्या वाट्याला रस्सा. भाजी संपली तर चटणी-भाकर. उरलेले वाया जाऊ नये म्हणून शिळे तीच खाते. म्हणून तिच्या अंगात रक्त कमी आणि पोटाचा घेर जास्त, अशी दुहेरी आपत्ती दिसते. समतेचे भाषण करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या घरात कोण आधी जेवते आणि कोणाच्या ताटात काय पडते, हे आज रात्रीच पाहावे. सर्वांनी एकत्र बसून जेवणे आणि अंड्याची, मटणाची वाटणी समान करणे, यासाठी कोणताही मोर्चा काढावा लागत नाही.

हे सर्व सांगताना सरकारला मोकळे सोडायचे, असा याचा अर्थ नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, हे चांगलेच आहे. परंतु ते प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरडधान्याची तरतूद आहे. मग ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या महाराष्ट्रात ती रेशनवर नियमित का नाही? डाळ का नाही? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्या मुलांना घरी अंडे परवडत नाही, त्यांच्या तोंडचा हा घास होता. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आणून गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस काढून घेतले गेले. काय खावे हे गरिबाला विचारून कोणी ठरवत नाही. या मागण्या चळवळीच्या निवेदनात आल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीसाठी आपण रस्त्यावर येतो, तसे अंड्यासाठी आणि ज्वारीसाठीही आले पाहिजे.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत आपण थांबायचे काय? विहारांपासून सुरुवात करता येईल. दर रविवारी वंदनेनंतर रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याचे यंत्र घेऊन एखादी नर्स भगिनी तासभर बसली तरी पुष्कळ. आपल्या समाजात परिचारिका, आशाताई, डॉक्टर मुले-मुली काही थोडी नाहीत. प्रत्येक उपासकाची एक वही ठेवावी, त्यात दर महिन्याचे वजन, घेर आणि रक्तदाब लिहावा. वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालावे. एकटा माणूस चार दिवसांत कंटाळतो, वस्ती चालायला लागली की कोणी मागे राहत नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर किती खर्च होतो आणि आरोग्य शिबिरावर किती, याचा ताळेबंद मंडळांनी लोकांपुढे ठेवावा. चौदा एप्रिलच्या उन्हात रंगीत सरबत आणि जिलेबीऐवजी ताक, कलिंगड, उकडलेले हरभरे वाटता येतात. वैशाख पौर्णिमेची खीर जरूर असावी. पण ती वाटीभर, टोपभर नव्हे. लहान मुलांच्या हातात पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे देण्याची पद्धत मात्र आजच बंद करावी.

शेवटी बाबासाहेबांविषयी. त्यांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून केलेला अभ्यास आपण मुलांना अभिमानाने सांगतो. अठरा-अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही घेतो. परंतु त्यांना मधुमेह होता, मज्जातंतूंच्या आणि सांध्यांच्या वेदना होत्या, अखेरच्या वर्षांत चालताना आधार घ्यावा लागत होता, हे आपण सांगत नाही. माईसाहेबांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या पुस्तकात या आजारपणाविषयी लिहून ठेवले आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहू शकला नाही. ते आणखी दहा वर्षे राहिले असते तर, हा विचार मनात आला नाही असा एकही आंबेडकरी माणूस नसेल. त्या काळात मधुमेहावर आजच्यासारखी औषधे नव्हती, तपासण्या नव्हत्या आणि कोट्यवधींचा भार एका शरीरावर होता. त्यांना विश्रांती घेणे शक्यच नव्हते.

आपली गोष्ट तशी नाही. आपल्याकडे औषधे आहेत, तपासणी आहे, माहिती आहे आणि भार वाटून घ्यायला लाखो हात आहेत. शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला धडधाकट शरीर लागते. तेव्हा येत्या रविवारी प्रत्येकाने आपला रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, घरातल्या साखर, मीठ आणि तेलाचा महिन्याचा हिशेब वहीत लिहावा आणि विहाराच्या बैठकीत या विषयाला पंधरा मिनिटे द्यावीत. १९२७ साली आपल्या आजा-पणजांनी याहून कितीतरी अवघड ठराव केला होता आणि पाळलाही होता.